डेंग्यूचे रुग्ण ‘५५ टक्क्यांनी वाढले’ : हे वाक्य छापायला द्यावं का?

तापपत्रक (धागाकर्ता)

एका तालुक्याचा साप्ताहिक तक्ता समोर ठेवतो. आकडे चर्चेसाठी बनवलेले आहेत, घडण मात्र पावसाळ्यातल्या कुठल्याही तालुक्याची. लोकसंख्या १ लाख ८० हजार. एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीने निश्चित झालेले डेंग्यूचे रुग्ण, आठवडा २७ ते ३४:

५, ८, ६, ९, ७, १२, ११, १७

प्रसिद्धिपत्रकाच्या मसुद्यात ओळ आहे, ‘गेल्या आठवड्याच्या तुलनेत रुग्णसंख्येत ५५ टक्के वाढ’. ११ चे १७ झाले, भागाकार बरोबर आहे. तरी ओळ खटकते. तिच्या जागी काय लिहावं? टक्के, फरक, दर लाखी प्रमाण, दुपटीचा काळ, पॉझिटिव्हिटी (तपासलेल्या नमुन्यांत शेकडा किती पॉझिटिव्ह), की मागच्या वर्षाशी तुलना? सगळंच लिहिलं तर कोणी वाचणार नाही.

---

मोजपट्टी

खटकतं ते बरोबर आहे. ११ आणि १७ हे दोन्ही आकडे मुळात डळमळीत आहेत. साथीत काहीही बदललं नाही तरी आठवड्याचा आकडा नुसत्या योगायोगाने वर्गमुळाएवढा इकडेतिकडे होतो. सरासरी १४ असेल तर १० आणि १८ दोन्ही रोजचेच.

कागदावर करायची तपासणी : दोन आकड्यांचा फरक भागिले त्यांच्या बेरजेचं वर्गमूळ. इथे ६ भागिले √२८, म्हणजे १.१३. उत्तर २ च्या खाली असेल तर ‘वाढ’ हा शब्द हात राखून वापरा. तुलनेसाठी, ३०० चे ३६० झाले तर वाढ २० टक्केच, पण ६० भागिले √६६० म्हणजे २.३. तिथे खरंच काहीतरी हललंय. म्हणजे ५५ टक्क्यांची बातमी कच्ची आणि २० टक्क्यांची पक्की, असं होऊ शकतं.

गुणोत्तराचा पट्टा, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या दोन टोकांत असण्याचा संभव आहे तो, काढायचा तर : १७/११ = १.५५, त्याचा नैसर्गिक लॉग ०.४३५. प्रमाण त्रुटी (हा लॉग योगायोगाने किती हलू शकतो त्याचं माप) √(१/११ + १/१७) = ०.३८७. तिची १.९६ पट अधिक-उणे करून लॉग उलटा फिरवा. ०.७२ ते ३.३० मिळतं. मसुद्यातली ओळ प्रामाणिकपणे लिहायची तर ‘२८ टक्के घट ते सव्वातीन पट वाढ, यातलं काहीही’ अशी होईल.

---

घाटमाथा

आणि पुढच्या आठवड्यात १७ चे परत ११ झाले की छापून येणार ‘३५ टक्के घट’. ५५ चढलो, ३५ उतरलो आणि जागेवर आलो. हे कसलं मोजमाप?

---

लॉगवाला

टक्केवारीत हा दोष जन्मजात आहे, कारण चढताना छेद ११ असतो आणि उतरताना १७. लॉगमध्ये दोन्ही वेळा ०.४३५ येतं, एकदा अधिक, एकदा उणे. साथ गुणाकाराने वाढते, म्हणून तिची पट्टीही गुणाकाराची हवी. आलेख लॉग अक्षावर काढा. सारख्या वेगाने वाढणारी साथ तिथे सरळ रेषेत दिसते आणि रेष वाकली की वेग बदलल्याचं डोळ्यालाच कळतं.

दुसरं, हातात आठ आकडे असताना शेवटचे दोनच का वापरता? आठही आकड्यांचे लॉग घेऊन त्यातून सरळ रेष बसवली की उतार ०.१४३ येतो. म्हणजे आठवड्याला साधारण १५ टक्के वाढ. एक्सेलमधलं लॉगेस्ट फंक्शन थेट १.१५३ देतं. दुपटीचा काळ ०.६९३ भागिले ०.१४३, म्हणजे जवळपास ४.९ आठवडे.

उताराचाही पट्टा काढायचा. इथे तो आठवड्याला ७ ते २५ टक्के येतो, म्हणजे दुप्पट व्हायला तीन आठवडे लागतील किंवा साडेदहा. म्हणून ‘रुग्ण ३४ दिवसांत दुप्पट’ असं दिवसापर्यंत अचूक लिहू नका.

बारीक गोष्ट : या तक्त्यातले आकडे रेषेला जरा जास्तच चिकटून आहेत. सरासरी ९ असलेल्या आकड्यांनी योगायोगानेसुद्धा याहून जास्त उड्या मारायला हव्यात. त्यामुळे वरचा पट्टा दिसतो त्यापेक्षा रुंद धरा. पॉयसाँ रिग्रेशन (मोजून आलेल्या संख्यांना रेष बसवण्याची रीत) केलं तर तसा तो होतोच.

---

तापपत्रक

प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय तक्त्यात शून्य येतात. शून्याचा लॉग घेतला की एक्सेल त्रुटी दाखवतं. काही जण सगळ्या आकड्यांत १ मिळवतात. ते चालतं का?

---

लॉगवाला

१ मिळवला की लहान आकड्यांचा उतार दबतो. ० चे १ आणि २ चे ३ होतात, म्हणजे अनंत पटीची वाढ तीनपट दिसायला लागते. ०.५ मिळवणं त्यातल्या त्यात बरं. खरा मार्ग पॉयसाँ रिग्रेशनचा, तिथे शून्य हा इतरांसारखाच एक आकडा असतो. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे. आणि विखुरणं जास्त दिसलं तर क्वासीपॉयसाँ किंवा निगेटिव्ह बायनोमियल या जास्त विखुरणं सामावून घेणाऱ्या रीती घ्या. डेंग्यूत ते जास्त असतंच. एकाच चाळीत, एकाच पिंपामुळे चार जण आजारी पडतात. ते चार स्वतंत्र रुग्ण नाहीत, एक घटना आहे.

पण मुळात आरोग्य केंद्राच्या पातळीवर आठवड्याचा बदल काढायचाच कशाला? १ चे ३ झाले की २०० टक्के. तिथे रुग्णांची यादी आणि नकाशावरचे ठिपके बघा.

---

प्लेट_रीडर

गणिताच्या आधी एक विचारतो. हा १७ चा आकडा कुठल्या तारखेने आठवड्यात बसवलाय? ताप आला ती तारीख, नमुना घेतल्याची, अहवाल निघाल्याची, की पोर्टलवर भरल्याची?

प्रयोगशाळेत काय होतं ते सांगतो. एलायझाच्या प्लेटला ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे, असतात. थोडे कंट्रोलला (चाचणी बरोबर चालली का ते ताडायला) जातात, बाकी नमुन्यांना. वीसेक नमुन्यांसाठी अख्खी प्लेट लावणं परवडत नाही. म्हणून नमुने साठतात आणि पुरेसे झाले की एकदम लावले जातात. मध्ये सुट्ट्या आल्या, किट संपले, प्लेट वाचणारा रीडर बंद पडला की साठा फुगतो आणि मग एका दिवसात दोन आठवड्यांचे निकाल बाहेर पडतात. अहवालाच्या तारखेने काढलेल्या आलेखावर तो उंच खांब दिसतो. गावात डास तितकेच होते, प्लेट मात्र मंगळवारी लागली.

समजा १७ पैकी ७ नमुने आदल्या आठवड्यातल्या तापाचे निघाले. मग तो आठवडा १८ आणि हा १०. ‘५५ टक्के वाढ’ची सरळ घट झाली, आणि ती घटही खोटी, कारण या आठवड्यात ताप आलेल्यांचे निकाल अजून यायचेत.

चाचणीची जातही बघा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेलं प्रतिपिंड शोधणारी), असा नियम आहे. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकतं. उशिरा आलेल्या रुग्णाची आयजीएम पॉझिटिव्ह आली आणि तापाची तारीख लिहिलेली नसेल तर जुना संसर्ग या आठवड्यात मोजला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे आयजीएम किट वेळेवर आले पण एनएस१ चे संपले, अशा आठवड्यात आलेख मागच्या महिन्याबद्दल बोलत असतो.

आणि रॅपिड कार्ड, म्हणजे दवाखान्यातच झटपट निकाल देणारी चाचणी. राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड पॉझिटिव्ह म्हणजे संभाव्य रुग्ण, निश्चित नाही. खासगी दवाखान्यांची यादी एखाद्या आठवड्यात त्याच रकान्यात मिसळली की आकडा उडी मारतो. दोन रकाने ठेवा आणि दोन्ही छापा, पण बेरीज करू नका.

---

मोजपट्टी

यासाठीच मी आठवड्यापेक्षा चार आठवड्यांच्या बेरजेवर विश्वास ठेवतो. आठवडा ३१ ते ३४ : ७+१२+११+१७ = ४७. त्याआधीचे चार : ५+८+६+९ = २८. वरचे ते ७ नमुने आठवडा ३४ मधून ३३ मध्ये सरकले तरी ४७ ला धक्का लागत नाही. गुणोत्तर १.६८, पट्टा १.०५ ते २.६८. वाढ आहे असं म्हणता येतं, किती ते नीट सांगता येत नाही.

तापाच्या तारखेने आलेख काढायचाच असेल तर विलंबाचा तक्ता ठेवा. आडव्या ओळीत तापाचा आठवडा, उभ्या रकान्यात ‘त्याच आठवड्यात कळले’, ‘एक आठवड्याने’, ‘दोन आठवड्यांनी’, ‘त्यानंतर’. दर सोमवारी एक तिरपी ओळ भरायची. दोन महिन्यांत समजतं की समजा ४० टक्के रुग्ण त्याच आठवड्यात कळतात, ७५ टक्के पुढच्यापर्यंत, ९५ टक्के तिसऱ्यापर्यंत. मग चालू आठवड्याचे १० म्हणजे १० भागिले ०.४, अंदाजे २५. हा अंदाज ढोबळच असतो, कारण छेद लहान आहे आणि त्यातली चूक अडीचपट होऊन बाहेर येते. तो छापू नका. पण आलेखाचे शेवटचे दोन खांब रेघारेघांचे काढा आणि खाली ‘अपूर्ण’ लिहा. तापाच्या तारखेचा प्रत्येक आलेख उजवीकडे उतरतो आणि दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं, साथ ओसरली.

---

घाटमाथा

कोरोनात हे सगळं राज्यपातळीवर दिसलं की. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आधी राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी आकड्यात घेतले. त्या दिवशी काही विपरीत घडलं नव्हतं, ताळमेळ लागला होता. पण ज्याने रोजच्या आकड्यावरून वेग काढला त्याचा आलेख आकाशात गेला.

---

जुनी_फाईल

तशी दोन उदाहरणं बाहेरचीही आहेत. १२ फेब्रुवारी २०२० ला चीनच्या हुबेई प्रांतात एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण दाखवले गेले, त्यातले १३,३३२ फक्त ‘क्लिनिकल निदान’ हा प्रकार व्याख्येत घातल्यामुळे. आणि इंग्लंडमध्ये त्याच वर्षी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरचे १५,८४१ रुग्ण गळले, कारण जुन्या एक्सेल फाईलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. मग ते नंतर एकदम जोडले गेले.

व्याख्या बदलली त्या आठवड्यावर आलेखात उभी रेघ मारायची आणि त्या रेघेपलीकडे टक्केवारी काढायची नाही. एवढी शिस्त पाळली तरी अर्ध्या चुका टळतात.

---

रक्तनमुना

तुम्ही सगळे अंशावरच बोलताय. छेदाचं काय? १७ पॉझिटिव्ह किती नमुन्यांतून?

हिवतापवाल्यांनी हे कोडं फार पूर्वी सोडवलंय. तिथे तीन आकडे कायम बरोबर चालतात. वर्षभरात तपासलेल्या रक्तनमुन्यांचं लोकसंख्येशी शेकडा प्रमाण, म्हणजे एबीईआर. नमुन्यांतल्या पॉझिटिव्हचं शेकडा प्रमाण, एसपीआर. आणि दर हजारी रुग्ण, एपीआय. पहिल्या दोघांचा गुणाकार करून १० ने भागलं की तिसरा मिळतो. म्हणून एपीआय खाली आला की पहिला प्रश्न असतो, एबीईआर किती? तो १० वरून ५ वर आला आणि एपीआय निम्मा झाला, तर हिवताप तेवढाच आहे, सुई कमी टोचली गेली.

---

तापपत्रक

उदाहरण पुढे नेतो. आठवडा ३३ : ९२ नमुने, ११ पॉझिटिव्ह. आठवडा ३४ : १६० नमुने, १७ पॉझिटिव्ह.

---

रक्तनमुना

बघा. १२ टक्क्यांवरून १०.६ टक्के. रुग्ण ५५ टक्क्यांनी वाढले, नमुने ७४ टक्क्यांनी, पॉझिटिव्हिटी उतरली. प्रसिद्धिपत्रकात पॉझिटिव्हिटी द्या.

---

प्लेट_रीडर

तेही अर्धवटच आहे, दादा. नमुने का वाढले त्यावर सगळं अवलंबून. तापाचेच रुग्ण जास्त आले म्हणून वाढले असतील तर ५५ टक्के वाढ खरी. ताप तेवढाच होता आणि मोहीम लावल्याने जास्त टोचले, निकष तोच ठेवून, तर ११ टक्के घट. आणि मोहिमेत अंगदुखीवाल्यांचेही नमुने घेतले असतील तर पॉझिटिव्हिटी आपोआप पडते, तिचा साथीशी संबंध नाही. खरा बदल या टोकांच्या मध्ये कुठेतरी. पॉझिटिव्हिटी एकटी दिली तर शिबिर भरवून ती हवी तेवढी खाली आणता येते, हे लक्षात असू द्या.

उपाय सोपा आहे. नमुन्यांचं रजिस्टर उघडा आणि कुठून आला त्यानुसार दोन ढीग करा.

---

तापपत्रक

केले. आठवडा ३३ : ओपीडीतले ८५ नमुने, १० पॉझिटिव्ह, शिबिरातले ७, १ पॉझिटिव्ह. आठवडा ३४ : ओपीडीतले ९५, १२ पॉझिटिव्ह, शिबिरातले ६५, ५ पॉझिटिव्ह. आधीच्या आठवड्यांत शिबिरं नव्हती.

---

प्लेट_रीडर

झालं. ओपीडी ११.८ वरून १२.६ टक्के, म्हणजे जागच्या जागी. उडीतले चार रुग्ण शिबिराचे, दोन ओपीडीचे. वर्षभर एकाच निकषाने येणारा ओपीडीचा ढीग हाच तुमचा तराजू, शिबिराचा आकडा वेगळ्या ओळीत. शिबिराचे रुग्ण फेकून द्यायचे नाहीत, त्या वस्तीत फवारणी आणि कंटेनर तपासणी त्यांच्यावरूनच होणार आहे. फक्त बदल मोजताना त्यांना बाजूला बसवायचं.

---

जुनी_फाईल

मोजपट्टींच्या चार आठवड्यांच्या बेरजेवर एक आक्षेप. जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये डेंग्यू वाढतोच. पाऊस, साठलेलं पाणी, अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस, डासात विषाणू पिकायला आठ ते बारा दिवस, माणसात ताप यायला चार ते दहा. सगळे टप्पे धरले तर आजचा रुग्ण महिनाभर जुन्या पाण्याचा. म्हणून ‘वाढतोय का’ आणि ‘नेहमीपेक्षा जास्त आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्रकाराला दुसऱ्याचं उत्तर हवं असतं, आपण पहिल्याचं देतो.

दुसऱ्यासाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने वर्षानुवर्षं वापरलेली रीत हाताने जमते. मागची पाच वर्षं घ्या. प्रत्येक वर्षाचे तेच चार आठवडे, त्याआधीचे चार, त्यानंतरचे चार, अशा १५ बेरजा. त्यांची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं (बेरजा सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) ही इशारारेषा. समजा सरासरी ३८ आणि विचलन ९ निघालं, तर रेषा ५६. आपले ४७ तिच्या आत आहेत. वाढतोय, पण दरवर्षीसारखाच.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

डेंग्यूचा हंगामी चढ तीव्र असतो, त्यामुळे ‘आधीचे चार’ आणि ‘नंतरचे चार’ फार वेगळे निघतात, विचलन फुगतं आणि रेषा इतकी वर जाते की साथ आली तरी घंटा वाजत नाही. त्यापेक्षा खिडकी एकेक आठवड्यानेच मागेपुढे सरकवा.

पाचांपैकी एखादं वर्ष मोठ्या साथीचं असेल तर सरासरी तेच ओढून नेतं. मग सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) आणि तिसरं चतुर्थक (ज्याच्याखाली पाऊण आकडे येतात तो) घ्या, हिवतापात तशी पद्धत आहेच.

आणि कोरोनाची वर्षं. देशात २०२० मध्ये डेंग्यूचे ४४,५८५ रुग्ण नोंदले गेले, २०२१ मध्ये १,९३,२४५. ‘एका वर्षात सव्वाचार पटींहून जास्त’ हे वाक्य अंकगणिताने खरं आहे. पण २०२० मध्ये माणसं तापाने दवाखान्यात जायला घाबरत होती आणि प्रयोगशाळा कोरोनात गुंतल्या होत्या. ते वर्ष पायाला धरू नका, धरलंत तर तळटीप द्या.

आठवड्यांचे क्रमांकही तपासा. सर्वेक्षणाचा आठवडा सोमवार ते रविवार. २०२० ला ५३ आठवडे होते, २०२६ लाही आहेत. त्यानंतरच्या वर्षी ‘आठवडा ३१’ च्या तारखा सरकतात. क्रमांकावर क्रमांक न ठेवता तारखेवर तारीख ठेवा.

---

घाटमाथा

दुपटीचा काळ मात्र लोकांना पटकन कळतो. कोरोनात रोज छापून यायचा. तोच देऊ या की.

---

लॉगवाला

तो बहुतेक ठिकाणी एकूण रुग्णसंख्येवरून काढलेला असे, आणि तिथेच गोम आहे. एकूण १ लाख, रोज १,००० नवे : वाढ १ टक्का, दुप्पट व्हायला ७० दिवस. काही महिन्यांनी एकूण ४ लाख, रोज २,००० नवे : वाढ अर्धा टक्का, दुप्पट व्हायला १३९ दिवस. रोजचे रुग्ण दुप्पट झाले आणि मथळा आला ‘दुपटीचा काळ वाढला, दिलासा’. एकूण आकडा कधी कमी होतच नाही, त्यामुळे हे माप काळाबरोबर आपोआप सुधारत जातं. दुपटीचा काळ नव्या रुग्णांच्या उतारावरूनच काढा, आणि उतार शून्याच्या आसपास असेल तर काढूच नका. तिथे तो ४०० दिवस किंवा उणे ९०० दिवस असलं काहीतरी दाखवतो.

‘सक्रिय रुग्ण’ही तसंच फसवं. ८ मे २०२० च्या डिस्चार्ज धोरणाने सौम्य रुग्णांना पुन्हा चाचणी न करता, लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी घरी पाठवायचं ठरलं. घरी जाणाऱ्यांचा वेग बदलला की सक्रिय संख्या खाली येते, नवे रुग्ण होते तेवढेच असले तरी.

---

मोजपट्टी

दर लाखी प्रमाणाबद्दल थोडक्यात. एकाच तालुक्याची स्वतःशी तुलना असेल तर त्याने काही बदलत नाही, अंश-छेद दोन्हीकडे तीच लोकसंख्या. दोन तालुक्यांची तुलना असेल तेव्हा हवंच. फक्त ती लोकसंख्या कुठली ते लिहा. २०११ च्या जनगणनेची घेतली तर औद्योगिक वसाहती वाढलेल्या तालुक्यात दर उगाच मोठा दिसतो. जिल्हाभर प्रक्षेपित लोकसंख्या एकाच पद्धतीने काढलेली असावी. निम्मे तालुके जुनी आणि निम्मे नवी, असं नको.

आणि जिल्हापातळीवर बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं : १२ तालुके असतील आणि प्रत्येकाला ५ टक्के चुकीच्या घंटेची मुभा दिली, तर कुठेही काही नसताना आठवड्याला कुठेतरी घंटा वाजण्याची शक्यता ४६ टक्के. एका आठवड्याच्या घंटेवर गाडी पाठवू नका. सलग दोन आठवडे वाजली, किंवा हाउस इंडेक्सही (डासांच्या अळ्या सापडलेल्या घरांचं शेकडा प्रमाण) चढलेला असला, की पाठवा.

---

रक्तनमुना

हाउस इंडेक्स आणि ब्रेटू इंडेक्स (दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी) रुग्णांच्या तक्त्याशेजारी असावेत, पण त्याच आलेखावर नकोत. पाहणी करणाऱ्याचा हात बदलला की इंडेक्स बदलतो.

---

तापपत्रक

मसुदा असा करतोय :

‘ऑगस्टमध्ये तालुक्यात एलायझाने निश्चित झालेले डेंग्यूचे ४७ रुग्ण आढळले (दर लाखी २६). आधीच्या चार आठवड्यांत २८ होते. वाढ सुमारे १.७ पट, शक्यतेचा पट्टा १.१ ते २.७. याच काळाची मागील पाच वर्षांची सरासरी ३८, इशारारेषा ५६. ओपीडीतील पॉझिटिव्हिटी सुमारे १२ टक्क्यांवर स्थिर.’

---

प्लेट_रीडर

४७ मध्ये शिबिराचे सहा अजून बसलेत.

---

मोजपट्टी

अरे हो. ते काढले तर ४१ विरुद्ध २८. गुणोत्तर १.४६, पट्टा ०.९ ते २.४. म्हणजे ‘वाढ’ हा शब्द त्या सहा रुग्णांवर उभा होता. मागच्या पाच वर्षांत शिबिरं नसतील तर ३८ शी तुलनाही ४१ चीच करायची.

---

तापपत्रक

मागे शिबिरं नव्हती असंच धरलंय. ४१ टाकतो, दर लाखी २३. ‘वाढ सुमारे १.७ पट’ काढून ‘वाढीचा कल, पण अजून निश्चित नाही’. शिबिराचे ६ रुग्ण आणि ती वस्ती वेगळ्या ओळीत.

---

जुनी_फाईल

‘ऑगस्टमध्ये’ही काढा. तक्ता २०२५ चा धरला तर आठवडा ३१ सोमवारी, २८ जुलैला सुरू होतो. ‘२८ जुलै ते २४ ऑगस्ट, अहवालाच्या तारखेनुसार’ असं लिहा, नाहीतर महिनाअखेरीला कोणीतरी ३१ ऑगस्टपर्यंतचा आकडा घेऊन येईल आणि तुमचे रुग्ण लपवलेत म्हणेल.